मागच्या खोलीतलं इकितोस

मे महिन्यात इंदूरचा माणूस घर थंड करायच्या मागे असतो. खिडकीत कूलर, कूलरला खस, खस ओली राहावी म्हणून सारखी बादली, आणि एवढं करून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं नि 'हां, अब थोडा ठीक है' म्हणून बसायचं, ही इथली रीत. अशा शहरात, ऐन मे महिन्यात, पलासियाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अश्वजित तायड्यांनी आपल्या राहत्या घरात दमट उकाडा तयार करायचा घाट घातला. तोही थोडाथोडका नाही, थेट विषुववृत्तावरचा, जंगलातला, नदीकाठचा. तायडे वेडे नव्हते. तुकोगंजच्या एका विमा कार्यालयात ते प्रशासकीय अधिकारी होते, आणि वेडी माणसं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने येतात, अलीकडच्या बाजूला बसत नाहीत, असं त्यांचं वर्षानुवर्षांचं मत होतं.

याची सुरुवात झाली एका रविवारच्या पोह्यांवर. त्यांची एकुलती एक मुलगी संबोधी, सूक्ष्मजीवशास्त्रात शिकलेली, पोहे खाता खाता म्हणाली की तिला काम मिळालंय. नदीच्या पाण्यातून पसरणाऱ्या आजारांवर संशोधन, दोन वर्षं, गाव इकितोस.

"हे कुठे आलं? रतलामच्या पुढे?" तायड्यांनी पोह्यांवर शेव भुरभुरत विचारलं.

"पेरूत, बाबा. साउथ अमेरिकेत. अ‍ॅमेझॉनच्या काठावर. एवढं मोठं शहर आहे, पण बाहेरून तिथे जायला रोडच नाही. चारी बाजूंना जंगल. प्लेनने जायचं नाहीतर बोटीने."

"रोड नाही म्हणजे? बायपास पण नाही?"

"रोडच नाही तर बायपास कशाला असेल, बाबा?"

"कपडे वाळतात का गं तिथे?" स्वयंपाकघरातून जयाताईंनी विचारलं. तायड्यांच्या पत्नीला नेहमी मुद्द्याचंच सुचायचं.

"लवकर नाही वाळत. वर्षभर ह्युमिडिटी."

तायड्यांनी शेवेची वाटी खाली ठेवली. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण बाहेर पडले ते भलतेच. ते म्हणाले, "वा! शाब्बास पोरी!"

त्यांचाही इलाज नव्हता. आजोबा महूच्या पलटणीत सुभेदार, वडील रेल्वेत, आणि स्वतः तायडे विहारातले हक्काचे वक्ते. चौदा एप्रिल असो की बुद्धपौर्णिमा, माईक हातात आला की विषय एकच. मुलींना शिकवा, मुलींना बाहेर पाठवा, त्यांना जग बघू द्या. त्यांचं भाषण ऐकून महूच्या बाबूरावांनी आपल्या कस्तुरीला पार दिल्लीला पाठवलं होतं, आणि तेव्हापासून हे बाबूराव भेटले की जय भीम करत, पण जरा रागानेच करत. असा माणूस स्वतःच्या पोरीला 'जाऊ नकोस' कुठल्या तोंडाने म्हणणार? लोक काय म्हणतील ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती म्हणजे आपणच आपल्याला काय म्हणू.

म्हणून आठवडाभर तायडे नुसते आडून आडून बोलत राहिले. जेवताना साप सांगायचे, झोपण्याआधी ताप सांगायचे. पोरगी 'हो बाबा, माहितीये' म्हणायची आणि दुसरी पोळी घ्यायची. भूकसुद्धा कमी होत नव्हती कार्टीची!

पुढच्या रविवारी विहारात वंदना चालू होती. धम्मवंदनेतला 'एहिपस्सिको' हा शब्द तायडे जन्मापासून म्हणत आले होते. या आणि स्वतः बघा. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, अनुभव घ्या. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघाला आणि डोक्यात लख्खकन दिवा लागला. धम्माचा असा वापर आजवर कुणी केला नसेल, पण लेकीचा बाप झाला की माणूस काय काय वापरतो याला सुमार नाही.

घरी येताच त्यांनी चपला काढायच्या आत विषय काढला. "संबोधी, मी तुला अडवणार नाही. आपण रॅशनल लोक. एहिपस्सिको! जायच्या आधी बघून घे. मागच्या खोलीत एक आठवडा इकितोस करू. तीच गर्मी, तोच दमटपणा. झेपलं तर खुशाल जा, मी परत विषय काढणार नाही. नाही झेपलं तर..." इथे त्यांनी हात असा काही पसरला की त्यात इंदूर, घर, नोकरी, जमलं तर लग्न, सगळं आलं.

संबोधीने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "चालेल. पण तुम्ही पण आत राहायचं."

"मी कशाला? मला कुठे जायचंय?"

"तुम्ही नाही बघितलं तर मला झेपलं की नाही हे तुम्हाला कसं कळणार? एहिपस्सिको एकट्यासाठी थोडीच असतं?"

तर्क बिनतोड होता. तायड्यांना स्वतःच्या मुलीच्या हुशारीचा अभिमान वाटला आणि लगोलग घाम फुटला. खोली अजून तयारही झाली नव्हती.

दमटपणा म्हणजे पाणी शिंपडलं की झालं, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी खोलीतल्या तसबिरी आदराने बैठकीत हलवल्या, बादल्या भरून ठेवल्या, दोऱ्या बांधून ओल्या चादरी टाकल्या. दुपारपर्यंत चादरी पापडासारख्या कडक झाल्या. इंदूरची मे महिन्याची हवा म्हणजे एखादा तहानलेला पाहुणा. जेवढं पाणी समोर ठेवाल तेवढं गट्ट करून वर 'और है क्या?' विचारते.

तेव्हा मदतीला आले समोरच्या फ्लॅटमधले हृषीकेश. हे पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणारे गृहस्थ. ते दारातच म्हणाले, "काका, तुम्ही मूलभूत चूक करताय." इंदूरमध्ये बोलण्याची सुरुवात कुणी अशी करत नाही. इथे आधी 'और भिया, चाय?' होतं, चूक नंतर सावकाश निघते. पण तायडे अडलेले होते.

"हवा बाहेर जाऊ द्यायचीच नाही," हृषीकेश म्हणाले. "कूलर खिडकीत नको, खोलीच्या आत. खिडकीला प्लास्टिक लावा, सगळ्या फटी बुजवा. बाष्प आतल्या आत फिरलं पाहिजे. आणि सापेक्ष आर्द्रता मोजल्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही."

"काय मोजल्याशिवाय?"

"ह्युमिडिटी."

"मग असं बोला ना!"

हृषीकेशनी कॉलेजातून एक काटेवालं यंत्र आणून भिंतीवर टांगलं. भात करायचा विजेचा कुकर झाकण काढून कोपऱ्यात रटरटत ठेवला. कूलर आत आला, खिडकीचं प्लास्टिक चिकटलं, दाराखाली टॉवेल कोंबला. काटा जो चढायला लागला तो पार शेवटाकडे जाऊन बसला. हृषीकेशनी चष्मा पुसला, तो पुन्हा धुकट झाला, आणि ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "उत्तम! आता इथे माणूस राहू शकत नाही."

ही बातमी बिल्डिंगभर झाली. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी शरदजी आले. यांचं घराणं जुन्या इंदुरातल्या बडा गणपती भागातलं, उभं आयुष्य तिकडे गेलेलं, त्यामुळे पलासियात काहीच धड होत नाही असा त्यांचा ठाम विश्वास. ते आत गेले, खोल श्वास घेतला, खोकले आणि बाहेर येऊन म्हणाले, "भिया, सब बढिया. पण जंगल कुठेय? जंगलाशिवाय कसलं अ‍ॅमेझॉन! आमच्याकडे बडा गणपतीला गल्लीत पण याच्याहून जास्त झाडं होती."

"शरदजी, प्रयोग ह्युमिडिटीचा आहे."

"तर जंगलातूनच येते ना ह्युमिडिटी? टेन्शन नका घेऊ, अपन बैठे हैं ना!"

संध्याकाळी जिन्यातल्या, गच्चीवरच्या आणि गेटजवळच्या सगळ्या कुंड्या तायड्यांच्या मागच्या खोलीत आल्या. मनी प्लांट, अरेका पाम, कुणाची तरी अर्धमेली तुळस. शरदजींना तेवढ्यानेही समाधान होईना. नदीकाठचं शहर आणि नदी नाही, हे त्यांना पटेना. शेवटी धुण्याचा मोठा टब भरून मधोमध ठेवला गेला. घरातली माणसंही मग 'नदी जरा सरकव', 'नदीत माझा चष्मा पडला' असं बोलायला लागली. माणूस कशालाही सरावतो.

इकितोस वसलं. आता त्यात राहायचं होतं.

तायडे ऑफिसातून आले की मागच्या खोलीत जात आणि अंगात बनियन, गळ्यात पंचा अशा थाटात अरेका पामखाली बसत. पहिल्या संध्याकाळी घाम कपाळावरून आला, दुसऱ्या संध्याकाळी सगळीकडून, आणि मग तो थांबायचं विसरला. पाठीला घामोळं उठलं. त्यांनी तुकोगंजमधल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, हवेत ओलाव्याचा टिपूस नव्हता. डॉक्टरांनी पाठ बघितली, पंचांग बघितल्यासारखं कॅलेंडर बघितलं आणि विचारलं, "तायडेजी, केरल गए थे क्या?"

"नहीं. घर पे ही था."

डॉक्टरांनी आणखी काही विचारलं नाही. घरगुती भानगडीत पडू नये हे त्यांचं धोरण असावं.

मग बुरशी आली. कपाटातल्या एकुलत्या एक सुटाच्या खांद्यावर पांढरी आणि लग्नसमारंभाच्या बुटांवर हिरवी. ऑफिसचे शर्ट त्याच खोलीत होते, त्यामुळे तायडे खुर्चीत बसले की शेजारचे सहकारी नाक वर करून 'कुठे पाणी मुरतंय का?' म्हणत आणि शिपाई मुकाट्याने खिडकी उघडी. ज्या माणसाने आयुष्यभर कडक इस्त्री हीच आपली पदवी मानली, त्याच्या मानेवर कॉलर ओल्या भजीसारखी बसलेली होती. तायडे तेही गिळून गेले. पण एका संध्याकाळी त्यांनी आत ठेवलेल्या डब्यातून मूठभर लसणाची शेव तोंडात टाकली आणि ती चावताना आवाजच आला नाही. शेव दातांखाली वाकली. इंदूरच्या माणसाला याहून मोठा धक्का देणं विषुववृत्तालाही शक्य नाही. ते तसेच तोंड धरून बसून राहिले. मग वळून म्हणाले, "संबोधी, बघ! शेव! इथे शेव टिकत नाही!"

"मग रोज ताजी आणायची," संबोधी म्हणाली.

"इकितोसमध्ये?"

"इकितोसमध्ये केळी खायची, बाबा. तिथे केळी मस्त मिळतात."

खरी पंचाईत हीच होती. ज्या पोरीसाठी एवढा खटाटोप मांडला, तिला काहीच होत नव्हतं. ढगळ सुती कुडता, पाण्याची बाटली आणि स्पॅनिशचं पुस्तक घेऊन ती नदीकाठी बसे, स्वतःशी पुटपुटत धडे पाठ करी, आणि पंख्याखाली अशी गाढ झोपे की बापाला हेवा वाटावा. तायडे आशेने विचारत, "काय गं, उकडतंय?"

"खूप."

"मग?"

"मग काय? उकडतंय."

तायडे पंचा पिळत.

वर आणखी एक फितुरी झाली. जयाताई हळूहळू लसूण सोलायला, भाजी निवडायला, काही नाही तर नुसतंच बसायला आत येऊ लागल्या. त्यांचं माहेर रत्नागिरीचं. दाराशी टॉवेल सरकवून त्या आत येत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि म्हणत, "हाश! कसं बरं वाटतं." लग्नानंतर कायम भेगाळलेल्या त्यांच्या टाचा मऊ झाल्या. केसांना लाटा आल्या. एकदा तर त्या चक्क गुणगुणत होत्या. तायड्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की विरोधी पक्षाला जाऊन मिळालेल्या आमदाराकडेही कुणी तसं बघत नसेल.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला, रविवार. तायड्यांना कळून चुकलं होतं की आपण हरलोय. संध्याकाळी प्रयोग संपणार, पोरगी 'झेपलं' म्हणणार आणि दिलेल्या शब्दाला जागून त्यांना मान हलवावी लागणार. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी सकाळपासूनच भाताच्या कुकरच्या जोडीला जयाताईंचं वाफारा घ्यायचं यंत्रही लावलं. काटा यंत्राच्या टोकाला टेकला. हृषीकेश नोंद घ्यायला आले आणि भारावून उभे राहिले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात महापालिकेच्या मलेरिया विभागाचे निरीक्षक मुकुलजी होते. हातात टॉर्च, चेहऱ्यावर दुःख. त्यांच्या मागे शरदजी.

"कंप्लेंट है," मुकुलजी म्हणाले. "इस बिल्डिंग में मच्छर हो रहे हैं."

"कुणी केली कंप्लेंट?" तायडे उसळले.

"मी केली, भिया," शरदजी शांतपणे म्हणाले. "खालचे लोक ओरडून राहिलेत. सेक्रेटरी म्हणून करावीच लागते. पण दोस्त म्हणून मी तुमच्याच बाजूने आहे, म्हणून सोबत आलो."

सगळे मागच्या खोलीत गेले. संबोधी तेव्हा बैठकीत आईला भाजी निवडायला मदत करत होती. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून हृषीकेशनी सवयीने दार ढकलून घट्ट लावलं. मुकुलजींनी टॉर्च आधी कुंडीखालच्या बशीत मारला, मग दुसऱ्या बशीत, मग टबात. तिन्हीकडे डासांच्या अळ्या सुखाने वळवळत होत्या. मुकुलजींनी कूलरकडे बघितलं, जंगलाकडे बघितलं, रटरटणाऱ्या कुकरकडे बघितलं.

"साहब, ये क्या है?"

"इकितोस," तायडे म्हणाले.

"वो तो ठीक है. पर है क्या? टंकी में लिखूँ, गमले में लिखूँ, कि कूलर में?"

"नदी आहे ती," शरदजींनी टबाकडे बोट दाखवून मदत केली.

"नदी का अपने पास नहीं होता, भिया. नदी दूसरे विभाग में है."

"हा एक शास्त्रीय प्रयोग आहे," हृषीकेश म्हणाले. "विषुववृत्तीय हवामानाचं अनुकरण."

मुकुलजींचं मराठी शेजारपाजाऱ्यांपुरतं होतं, त्यात विषुववृत्त बसत नव्हतं. ते म्हणाले, "देखिए, शहर का नाम खराब होता है. पानी अभी के अभी फेंकिए, चालान तो बनेगा ही. चलिए, बाहर बैठ के बनाते हैं." आणि त्यांनी दार ओढलं.

दार हललं नाही.

शरदजींनी ओढलं. हृषीकेशनी भिंतीला पाय लावून ओढलं आणि मूठ त्यांच्या हातात आली. मग त्यांच्या ध्यानात आलं. आठवडाभर वाफ पिऊन लाकडी दार फुगलं होतं आणि चौकटीत पाचरीसारखं बसलं होतं. इंदूरच्या कोरड्या हवेत बेतून बसवलेलं दार, त्याला दमटपणाची काय कल्पना!

"लाकूड आर्द्रता शोषून आडवं प्रसरण पावतं," हृषीकेश मूठ हातात धरून म्हणाले. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"खिडकी!" शरदजी ओरडले. प्लास्टिक टराटरा फाडलं गेलं. पलीकडे लोखंडी जाळी होती.

चार मोठी माणसं जंगलात अडकली. कुकर बंद केला, पण साठलेली वाफ जाणार कुठे? मुकुलजींनी टोपी काढली, मग शर्टाची बटणं, आणि थोड्याच वेळात महापालिका आणि जनता एकाच बनियनवर आली. शरदजी 'बडा गणपतीला दारं सागवानी होती' म्हणत टबाच्या काठावर बसले आणि नदीत पाय सोडले.

"पर ये सब किया क्यों?" मुकुलजींनी कळवळून विचारलं. तो सरकारी प्रश्न राहिला नव्हता.

"मुलगी परदेशी चाललीय. अशा हवेत तिला राहता येईल का ते बघायला," तायडे म्हणाले.

"तो? नहीं रह पाई?"

"मजेत राहिली."

"फिर तो अच्छी बात है!"

"अच्छी बात नाही!" तायडे एकदम ओरडले. आठवडाभराचं घामोळं, बुरशी, ओली शेव, सगळं एकदम वर आलं. "अच्छी बात कशी? मला ती जायला नकोय! हवा गेली खड्ड्यात! तिथे अगदी इंदूरसारखी हवा असती तरी मला ती जायला नको होती. एकच पोर आहे मला. तिला ताप आला तर मी कसा पोचू? रस्ता नाही हो तिथे जायला! स्कूटर काढून निघालो तरी पोचणार नाही मी!"

पामच्या पानावरून थेंब टपकत होते. मुकुलजींनी हळूच तायड्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग दाराच्या पलीकडून आवाज आला, "बाबा."

आरडाओरडा ऐकून मायलेकी केव्हाच्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

तायडे पंच्याने तोंड पुसायला लागले. दार मध्ये आहे, तोंड कुणाला दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मग हे आधीच का नाही म्हणालात?" संबोधीने विचारलं.

"कसं म्हणू? लोकांना काय वाट्टेल ते सांगत फिरलो आयुष्यभर. आणि ते खोटं नव्हतं गं. ते खरंच आहे. पण हे पण खरं आहे."

"अहो," आता जयाताई बोलल्या. "मी रत्नागिरीहून इथे आले तेव्हा माझ्या बाबांनी काय करायचं होतं? घरात भट्टी पेटवून मला आठवडाभर बसवायचं होतं? पहिल्या उन्हाळ्यात माझ्या नाकातून रक्त यायचं. टाचा फुटल्या त्या फुटल्याच. तुमच्या इंदूरची हवा मला झेपते का, हे कुणी विचारलं होतं?"

इतकी वर्षं त्या टाचा तायड्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि टाचांना भेगा असतातच, असं धरून ते चालले होते.

"रडले होते का ते? तुझे बाबा?" त्यांनी शेवटी दाराला विचारलं.

"स्टेशनवर नाही. पण नंतर सहा महिने माझ्या आईजवळ सारखं बोलून दाखवायचे, म्हणे. पोरीला उगाच लांब दिली. माझ्यासमोर कधी नाही बोलले. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं."

"भिया," शरदजी टबातून हळूच म्हणाले, "इमोशनल मॅटर आहे, मान्य. पण आधी दार?"

मग मायलेकींनी बाहेरून खांदे लावले, आतून चौघांनी मुठीच्या भोकात पंचा ओवून ओढला, आणि हृषीकेशच्या 'एक, दोन, तीन'वर दार असं काही सुटलं की मायलेकी थेट जंगलात येऊन पडल्या, तुळस नदीत गेली, नदी शरदजींच्या अंगावर आली आणि मुकुलजींचं चालानबुक अळ्यांसकट वाहत पलंगाखाली गेलं. पाणी सगळ्या घरात झालं. खालच्या मजल्यावरून लगेच ओरडा आला आणि सेक्रेटरी म्हणून शरदजींना स्वतःच्याच ओल्या पायांनी खाली समजूत घालायला जावं लागलं. मुकुलजींनी चहा घेतला आणि चालान दुसऱ्या दिवशी नवीन पुस्तकातून आणून दिलं. माणूस भला होता, पण कर्तव्याला चुकला नाही.

पाणी उपसून झाल्यावर बाप आणि लेक ओल्या फरशीवर पाय पसरून बसले.

"झेपलं तुला," तायडे म्हणाले.

"हो. मी जाणार, बाबा."

"जा."

"आणि तुम्हाला मी जायला नकोय."

"नकोय."

"तर मग असं करू," संबोधी म्हणाली. "मी जाते. आणि तुम्हाला जे वाटतं ते मला तोंडावर सांगायचं. दर रविवारी एकदा. आईजवळ नाही, डॉक्टरजवळ नाही, मलेरियावाल्याजवळ तर मुळीच नाही. मी ऐकून घेईन."

"त्याने काय होईल?"

"काही नाही. मी येणार नाही. पण मला कळेल."

तायड्यांनी विचार केला. तहाची कलमं एकतर्फी होती, पण गेल्या आठवड्यातल्या त्यांच्या सगळ्या योजनांपेक्षा शहाणपणाची होती.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास संबोधी गेली. इंदूरच्या विमानतळावर हृषीकेशनी तिला ते काटेवालं यंत्र भेट दिलं, शरदजींनी रडारडीची आघाडी सांभाळली, आणि तायडे ट्रॉलीच्या चाकांची तपासणी करत राहिले.

रविवारी संध्याकाळी इंदुरात दिवे लागतात तेव्हा तिकडे नुकती सकाळ झालेली असते. फोन आला. पडद्यावर संबोधीचे केस कपाळाला चिकटलेले होते आणि ती हसत होती.

"बाबा, खरं सांगू? इथे आपल्या मागच्या खोलीपेक्षा कमी उकडतं. नदीवरून वारा येतो. रस्ताभर तीनचाकी रिक्षा आहेत, अगदी आपल्यासारख्या, आणि ड्रायव्हर तर तंतोतंत आपलेच! इंडिकेटर डावीकडे देऊन उजवीकडे वळतात."

"जेवतेस का नीट?"

"जेवते."

"ताप वगैरे?"

"नाही."

जयाताईंचं कपडे वाळतात का ते विचारून झालं. मग फोन पुन्हा तायड्यांच्या हातात आला. त्यांनी घसा साफ केला, चष्मा नीट केला. माईकसमोर कधी अडखळला नाही असा माणूस, पण फोन हातात धरून दोनदा अडखळला.

"मला तू तिथे नको आहेस," ते म्हणाले. "इथे पाहिजेस. घर खायला उठतं."

पलीकडे संबोधीने मान हलवली. "माहितीये, बाबा," ती म्हणाली. "मला पण तुमची फार आठवण येते. काल रडले मी."

"बरं," तायडे म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, आणि या वेळी तिला दिसतंय हे माहीत असूनही तोंड फिरवलं नाही. "आता नदी दाखव."